नऊ जणांचे छापखाने : उपनगरांतील मुद्रण कामगारांच्या संघटनेची वाटचाल

१८६७ च्या छापखाना कायद्याने या देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. उद्या काही वादंग झाले तर जबाबदार माणूस सापडावा, हा त्यामागचा सरकारचा हेतू. त्या ओळीत नाव येई ते छापखान्याच्या चालकाचे. ज्याने खिळे जुळवले, ज्याने ट्रेडल छापयंत्रावर एकेक कागद लावला, ज्या बाईने फर्म्यांच्या घड्या घातल्या, त्यांची नावे पुस्तकावर नसणार हे समजण्यासारखे आहे. पण ती हजेरीपटावरही नसत, पगारपत्रकावरही नसत. जगाची नियुक्तिपत्रे, पावतीपुस्तके आणि ओळखपत्रे छापणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या नोकरीचा कागद नसे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातल्या छापखाना कामगारांची संघटना बांधणे म्हणजे मुख्यतः ही नावे कागदावर आणणे होते. आपल्या संघाचा इतिहास लिहिताना सभा, मोर्चे, संप यांच्याआधी मला हेच सांगावेसे वाटते, कारण आमची बहुतेक वर्षे यातच गेली.

मुंबईतला मराठी छपाईचा धंदा वाढला तो गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार या भागात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात वयाच्या दहाव्या वर्षी महिना दोन रुपयांवर टाइप घासायला लागलेला मुलगा पुढे स्वतःची टाइप फाउंड्री काढतो (१८६४) आणि मग 'निर्णयसागर' छापखाना उभा करतो (१८६९), ही जावजी दादाजींची हकीकत या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण संघटनेच्या दृष्टीने तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खिळ्यांच्या केसपुढे उभ्या असलेल्या प्रत्येक हुशार जुळाऱ्याच्या मनात जावजींचा रस्ता असे. चार पैसे साठवायचे, जुनी ट्रेडल विकत घ्यायची, चाळीच्या तळमजल्यावर स्वतःची पाटी लावायची. पुष्कळांनी तसे केलेही. त्यामुळे उपनगरातल्या छोट्या छापखान्याचा मालक बहुधा कालचा कामगार असे. तो स्वतः स्टिक हातात धरून खिळे जुळवी, घाईच्या कामाला रात्री आमच्याबरोबर जागे, एकाच डब्यात जेवी. अशा माणसासमोर 'मागण्यांचे निवेदन' ठेवायचे म्हणजे जीभ अडखळते. गिरणीत मालक दिसत नाही, म्हणून त्याच्याशी भांडणे सोपे. आमचा मालक समोरच्या केसपुढे उभा असे.

गिरणी कामगारांच्या चळवळीचे आणि छपाईचे नाते मात्र जुने आहे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवला आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. १८९० साली त्यांच्याच प्रयत्नाने रविवारची सुट्टी मिळाली. छापखाना कामगारांची म्हणून स्वतंत्र संघटना कलकत्त्यात १९०५ साली, सरकारी छापखान्यातल्या संपाच्या काळात उभी राहिली. म्हणजे देशातल्या आरंभीच्या कामगार संघटनांत आपल्या धंद्याचा मान मोठा. वाचता येणारा कामगार हे एक कारण असणार. दुसऱ्यांची निवेदने, जाहीरनामे आणि पत्रके जुळवता जुळवता आपल्याही मनात प्रश्न उभे राहतातच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत पत्रे चालवली आणि आपला स्वतःचा छापखानाही उभा केला. मुद्रणयंत्र आपल्या हाती असल्याशिवाय आपले म्हणणे लोकांपर्यंत जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असतानाच्या प्रयत्नांतून कारखान्यातल्या कामाचा आठवडा १९४६ साली ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आमच्या सभांत ४८ तासांचा विषय निघाला की बाबासाहेबांचे नाव निघे, ते यासाठी.

छापखाने उपनगरांत सरकले त्याला जागेची टंचाई हे कारण होतेच. शिवाय १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीची वीज इकडे आली होती, आणि १९५० व १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली. मोठे कारण मात्र गिऱ्हाईक. लालबहादूर शास्त्री मार्गावर औषधांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. मुलुंडला हेक्स्ट आणि जॉन्सन अँड जॉन्सन, विक्रोळीला सिप्ला आणि गोदरेज. औषधाच्या प्रत्येक बाटलीला लेबल लागते, खोके लागते आणि आत बारीक अक्षरांतली घडीची पत्रिका लागते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, अंधेरीत मरोळची वसाहत वाढली, त्यापाठोपाठ साकीनाका, गोरेगाव, कांदिवली, भांडुप इथे गाळ्यांच्या इमारती झाल्या. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंमुळे सिनेमाची पोस्टरे, शाळांमुळे प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके, आणि वर्षभर लग्नपत्रिका. श्रावण लागला की दिवाळी अंक आणि कॅलेंडरे यांची धांदल सुरू होई ती नरक चतुर्दशीपर्यंत. या दिवसांत आठवड्यातून दोनतीन वेळा 'नाइट मारावी' लागे. कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे जादा कामाचा पगार दुप्पट दराने द्यायचा असे. बहुतेक ठिकाणी मिळे ते जेवणाचे पैसे आणि पहाटेचा चहा.

आतले काम ज्यांनी पाहिलेले नाही अशा तरुण सभासदांसाठी थोडे सांगतो. इंग्रजी मजकूर जुळवायला दोन केस पुरतात. मराठीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे धरून शेकडो खिळे लागत आणि ते चार केसांत मांडलेले असत. जुळारी मजकुराकडे पाहत असे, हाताकडे नाही. खिळा कोणत्या घरात आहे हे बोटांना ठाऊक असे. स्टिक भरली की ओळी गॅलीत, गॅलीचे प्रूफ, दुरुस्त्या, मग पाने बांधून चेसमध्ये फर्मा आवळायचा आणि मशीनवर चढवायचा. छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा. हे शेवटचे काम अनेक ठिकाणी पगारातच धरले जाई. उक्त्यावर काम करणाऱ्याला जुळवलेल्या मजकुराचे पैसे मिळत, खिळे सोडण्याचे नाहीत. आमच्या पहिल्या मागण्यांत ही एक होती आणि ती काही छापखान्यांनी भांडणाशिवाय मान्य केली. जुन्या कामगारातून मालक झालेल्यांना तिचा न्याय लगेच पटला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

खिळा हा शिसे, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रणाचा. दिवसभर हाताळला की बोटे काळी पडत आणि त्याच हाताने डबा उघडला जाई. शिशाची विषबाधा हा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातला पहिला रोग होता. तो आढळला तर डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांना कळवावे अशी तरतूद होती. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, पुढे मनगट लुळे पडणे ही त्याची लक्षणे. जुनी माणसे उतारा म्हणून गूळ खात, कुठे कुठे मालक दूध देत. गुळाने शिसे उतरत नाही. साबण, वाहते पाणी, जेवायला वेगळी जागा आणि हवा खेळती राहील अशा खिडक्या, एवढ्याने पुष्कळसा धोका टळतो. म्हणून संघाच्या निवेदनांत पगारवाढीच्या कलमाशेजारी साबणाच्या वडीचे कलम असे. बाहेरच्यांना ते फार किरकोळ वाटे. मुलुंडच्या कामगार विमा रुग्णालयात पोट धरून बसलेला जुळारी ज्याने पाहिला असेल त्याला ते तसे वाटणार नाही.

ट्रेडलचा धोका आणखी उघडा. डाव्या हाताने छापलेला कागद काढायचा, उजव्याने कोरा लावायचा, आणि दोन्ही हात बाहेर येताच जबडा मिटायचा. पेंग आली की बोटे गेली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरत, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. जुळाऱ्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा म्हणजेच त्याची सारी ताकद, हे तक्त्याला कसे कळावे? पण तो तक्ता तरी लागू व्हायला तो माणूस त्या छापखान्यात कामाला होता हे सिद्ध करावे लागे, आणि इथून आमची खरी लढाई सुरू होई.

आपल्या देशातले कामगार कायदे माणसांची डोकी मोजून लागू होतात. त्या काळात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे असतील तर कारखाना कायदा. ग्रॅच्युइटीला दहा. भविष्य निर्वाह निधीला वीस. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त संघटना व्हायचे तर आस्थापनेत पन्नास. छापखान्यात माणसे किती? नऊ. पुढच्या गाळ्यातही नऊ. पहिला गाळा भावाच्या नावावर, दुसरा बायकोच्या, बाईंडिंग मेहुण्याच्या, आणि मधल्या भिंतीला दार. सकाळी एका पाटीखाली शिरलेला कामगार दुपारी दुसऱ्या पाटीखाली काम करी आणि कोणत्याच पाटीच्या वहीत त्याचे नाव नसे. सगळेच छापखाने असे होते असे मी म्हणणार नाही. नियमाने चालणारेही होते, आणि त्यांच्याशी झालेले करार आजही आदर्श म्हणून दाखवता येतील. पण संघाच्या दारात येणारा माणूस बहुधा नऊ जणांच्या छापखान्यातला असे.

त्याच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. मुद्रण आणि पुस्तकबांधणी हे धंदे किमान वेतन कायद्याच्या यादीत असल्यामुळे ठरलेला दर देणे लहान छापखान्यालाही चुकत नसे. दुसरी, औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५ एफ : वर्षात २४० दिवस काम केलेल्या माणसाला कपातीत काढायचे तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. या कलमाला डोक्यांची अट नव्हती. तिसरी, त्याच कायद्यात १९६५ साली आलेले कलम २ ए, ज्यामुळे एकट्या माणसाला कामावरून काढले तरी तो औद्योगिक विवाद ठरे. अडचण उरे ती २४० दिवसांच्या पुराव्याची.

हा पुरावा शोधण्यात आपल्या कार्यकर्त्यांनी जी चिकाटी दाखवली, ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. छापखान्यात गॅलीचे प्रूफ निघाले की त्याच्या माथ्यावर जुळाऱ्याचे नाव किंवा आद्याक्षर टाकण्याची पद्धत होती, कारण चुका ज्याच्या त्याने दुरुस्त करायच्या असत. ही प्रुफे पुढे रद्दीत जात. कामगारांना सांगण्यात आले की तारीख आणि नाव असलेले प्रूफ रद्दीत जाऊ देऊ नका, जपा. कामाच्या वहीतले हस्ताक्षर, कागदाच्या गाडीच्या पावतीवर घेतलेली सही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेला छापखान्याचा पत्ता, हेही चाले. वांद्र्याच्या कामगार न्यायालयात अशी मळकी कागदपत्रे पिशवीतून काढून ठेवताना कामगाराच्या चेहऱ्यावर जो भाव असे तो मी विसरू शकत नाही. दाव्यांपैकी पुष्कळ मधल्या रस्त्याने मिटले. तडजोडीच्या रकमा मोठ्या नसत. पण तडजोडीच्या कागदावर कामगाराचे नाव, कामाचे स्वरूप आणि नोकरीची वर्षे लिहिलेली असत, आणि अनेकांच्या आयुष्यातला तसा तो पहिला कागद असे.

फाटकाबाहेरची सभा आपल्याला जमली नाही, कारण फाटकच नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यासमोर कसली सभा घेणार? आपल्या सभा अंधेरीच्या आणि घाटकोपरच्या फलाटांवर, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात झाल्या. रात्रपाळीचे वृत्तपत्र कामगार आणि जॉब छापखान्यातले कामगार तिथेच एकमेकांना भेटले. त्या भेटींतून एक दुःखही पुढे आले. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा, त्यात १९७४ च्या दुरुस्तीने नावानिशी आलेले 'इतर वृत्तपत्र कर्मचारी', मग १९८० चा पालेकर निवाडा, पुढे बच्छावत, मणिसाना, मजिठिया अशी वेतन मंडळे यांमुळे वर्तमानपत्रातल्या मशीनमनला निदान कागदावर तरी एक वेतनश्रेणी मिळाली. मजिठिया शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी कायम केल्या, तरी त्या पदरात पडण्यासाठी लोकांना अवमान याचिकांपर्यंत जावे लागले. पण तेच मशीन, तीच शाई आणि तेच कौशल्य असलेल्या जॉब छापखान्यातल्या माणसाला यातले काहीच लागू नव्हते. एका डब्यात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या पगारात इतकी तफावत, आणि दोघे एकाच धंद्याचे. वृत्तपत्रांतल्या साथींनी या प्रश्नात जितके लक्ष घालायला हवे होते तितके घातले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या संघाच्या वर्गणीला मात्र त्यांच्यातल्या अनेकांनी हातभार लावला, तेही विसरता येत नाही.

कामगारांचे पुढारी दत्ता सामंत पंतनगरात दवाखाना चालवणारे घाटकोपरचे डॉक्टर. आधी खाणकामगार, मग इंजिनिअरिंग, मग १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप. उपनगरांतल्या कामगारांवर त्यांचा प्रभाव किती होता हे सांगायला नको. आमच्यातही 'डॉक्टरांसारखे एकदम ताणून धरा' म्हणणारे तरुण होते. त्यांना हे समजावणे अवघड गेले की मोठ्या कारखान्याची यंत्रे हलवता येत नाहीत, छापखान्याची येतात. टेम्पो लागतो आणि एका रात्रीत ट्रेडल आणि कटिंग मशीन वसईला किंवा भिवंडीला जाते. सकाळी गाळ्याला कुलूप. हे घडले आहे. गिरण्यांच्या संपानंतर हाताला काम नसलेली माणसे मिळेल त्या पगारावर छापखान्यांत हेल्पर म्हणून आली आणि आपले दर आणखी खाली आले. त्यांना दोष देणे शक्यच नव्हते. त्यांना सभासद करून घेतले.

बाईंडिंग खात्याबद्दल लिहिताना मन भरून येते. फर्म्याच्या घड्या घालणे, पाने गोळा करणे, शिवणे, पुठ्ठे चिकटवणे ही कामे प्रामुख्याने बायकांनी केली, रोजावर किंवा शेकड्याच्या दराने. घाईच्या दिवसांत गठ्ठे घरी जात आणि घाटकोपर, भांडुपच्या वस्त्यांतून सासू, सून आणि शाळेतून आलेली मुले रात्री दिव्याखाली घड्या घालत. पुस्तकबांधणी किमान वेतनाच्या यादीत होती, पण घरी नेलेल्या गठ्ठ्याचा हिशेब कोण ठेवणार? संघाच्या कार्यकारिणीत या बायका फार उशिरा आल्या. जुळारी आणि मशीनमन स्वतःला कारागीर समजत आणि बाईंडिंगला हलके काम मानत, हे त्याचे कारण. ही चूक साऱ्या संघाची आहे आणि संघाच्या या स्मरणिकेत ती लिहिली गेली पाहिजे.

खिळ्यांचा काळ संपला तो हळूहळू आणि मग अचानक. ऑफसेट मशीने आली तेव्हा मशीनमन नवे काम शिकला. प्लेट, पाणी आणि शाई यांचा मेळ त्याच्या हाताला लवकर बसला. जुळाऱ्याचे तसे झाले नाही. फोटोकंपोझिंग आणि त्यामागोमाग डीटीपी आल्यावर त्याचे कामच उरले नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९ ए प्रमाणे, ज्या नव्या तंत्रामुळे कपात होण्याचा संभव आहे ते आणण्याआधी एकवीस दिवसांची नोटीस द्यायची असे. संघाने या कलमाचा आधार घेऊन काही ठिकाणी मागणी केली ती संगणकाला विरोध करण्याची नव्हती : आहे त्याच जुळाऱ्याला आधी कीबोर्ड शिकवा, मग बाहेरून माणूस आणा. आज मागे वळून पाहता ही भूमिका योग्यच होती. ज्याला शुद्धलेखन, जोडाक्षरांची घडण आणि ओळीतली मोकळी जागा कळते तो माणूस कीबोर्डवर बसला तर मजकूर सुधारतो. पवईला आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात आणि पुढे जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी देवनागरीला संगणकात नीट बसवण्यासाठी हयात घालवली. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट त्यांचाच. आपल्याच उपनगरांत हे काम चालले होते. ज्या छापखान्यांनी जुळाऱ्यांना शिकवले तिथली पाने आजही ओळखू येतात. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना मात्र ही संधी मिळाली नाही. त्यांच्यातले काही मुद्रितशोधक झाले, काही इमारतींचे रखवालदार झाले, आणि खिळे वजनावर भंगारात गेले.

सध्या संघाचे निम्म्याहून अधिक काम डीटीपी, डिजिटल आणि फ्लेक्स छपाईतल्या मुलामुलींचे आहे. शिसे गेले, पण रोलर धुण्याची रसायने आणि फ्लेक्सच्या शाईचा वास बंद खोलीत कोंडलेला असतो, तेव्हा खिडकीची मागणी अजून आहे. २०२० साली संसदेत मंजूर झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आली, ही आपली फार जुनी मागणी. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस माणसांवर गेली आणि सुरक्षा व आरोग्याची संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही थोड्या माणसांच्या जागेला केवळ माहिती कळवावी लागते. नऊ जणांचा छापखाना अजून आहे, आणि आता तो आणखी सहज कायद्याबाहेर राहू शकतो.

म्हणून सभासदांनी पगार बँकेत मागावा, रोख घेऊ नये. पासबुकातली नोंद, काम सोपवल्याचा मोबाइलवरचा निरोप, फाइल पाठवल्याची तारीख हे सारे पुरावे आहेत. ते पुसू नयेत. ज्यांना नियुक्तिपत्र मिळालेले नाही त्यांनी संघाच्या कार्यालयात येऊन नाव, पत्ता, कामाचे ठिकाण आणि कामाला लागल्याची तारीख नोंदवहीत लिहून जावे. बाईंडिंगच्या गठ्ठ्यांची स्वतंत्र वही ठेवायला यंदापासून सुरुवात झाली आहे. घरी काम नेणाऱ्या बहिणींनी दर आठवड्याला किती गठ्ठे नेले आणि किती दर मिळाला, एवढेच सांगावे, लिहून घेणारे माणूस तिथे असते.